कोटीला भ्यालेली सरकारं

नुसतं 'कोरेगाव' लिहून सरकारी टपालाचं भागत नाही. भीमेकाठी एक कोरेगाव आहे, १ जानेवारी १८१८च्या लढाईचं. पुण्यात कोरेगाव पार्क आहे. वाळवा तालुक्यात आणखी एक कोरेगाव आहे. म्हणून आमच्या गावाच्या नावामागे कायमचं शेपूट लागलेलं असतं: तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. बोलताना आम्हाला त्या शेपटाची गरज पडत नाही. साताऱ्याच्या स्टँडवर 'कोरेगावची लागलीय का?' असं विचारणाऱ्याला भीमेकाठच्या गाडीकडे कुणी बोट दाखवत नाही. इथल्या बाजारात 'वाघ्या' म्हटलं की घेवडा, आणि तोच शब्द जेजुरीत उच्चारला की खंडोबाचा भक्त. ऐकणारा माणूस जागा, वेळ आणि बोलणाऱ्याचं तोंड बघून योग्य तो अर्थ उचलतो. सरकारला ते जमत नाही. त्याला कंस लागतो, जिल्हा लागतो, घेवड्याला भौगोलिक मानांकन लागतं.

यात सरकारची चूक नाही. सातबाऱ्यावर श्लेष परवडत नाही. पण एका शब्दाला एकच अर्थ असावा ही कचेरीतली गरज जेव्हा कचेरीबाहेर पडते आणि लोकांच्या जिभेवर बसू पाहते, तेव्हा बघण्यासारखी गंमत होते. अशी गंमत चीनमध्ये घडली, आजही घडते आहे. आणि तिचा एक मोठा, आता बराचसा विसरलेला अंक आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत घडून गेला आहे.

आधी चीन. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथल्या रेडिओ-दूरचित्रवाणी-प्रकाशनं पाहणाऱ्या सरकारी खात्यानं एक फर्मान काढलं. जाहिरातींत आणि कार्यक्रमांत म्हणी-वाक्प्रचारांशी खेळ करायचा नाही, एका अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर घालायचं नाही. मुलांच्या मनात गोंधळ होतो, संस्कृतीचं नुकसान होतं, असं कारण. फर्मानात नमुन्यादाखल गुन्हेही दिले होते. शान्शी नावाच्या प्रांताचं जुनं छोटं नाव 'जिन'. 'जिन शान जिन मेइ' हा चिनी भाषेतला ठेवणीतला वाक्प्रचार, म्हणजे सर्वार्थानं उत्तम आणि सुंदर. पर्यटन खात्यानं त्यातलं 'जिन' हे अक्षर काढून तिथे प्रांताच्या नावाचं 'जिन' बसवलं. कानाला काहीच फरक नाही, डोळ्याला मात्र कळतं की उत्तमही शान्शी आणि सुंदरही शान्शी. दुसरा गुन्हेगार खोकल्याचं औषध. 'के बू रोंग हुआन' म्हणजे क्षणाचाही विलंब नको. त्यातल्या क्षणवाचक 'के'च्या जागी खोकल्याचा 'के' आला. खोकल्याला विलंब नको. आपल्याकडे अशी जाहिरात एसटीच्या मागच्या बाजूला दिसली असती तर आपण हसून पुढे गेलो असतो.

पण चिनी भाषेत कोटी म्हणजे काय हे नीट बघितल्याशिवाय त्या फर्मानाचा अचाटपणा लक्षात येत नाही. मराठीत अक्षरांची बाराखडी, जोडाक्षरं, विभक्तीचे प्रत्यय हे सगळं धरलं तर आवाजांचं भांडार अफाट आहे. आजच्या प्रमाण चिनी भाषेत सूर सोडले तर सुमारे ४००च वेगवेगळी 'अक्षरं' तोंडातून निघतात. सुरांनी त्यांचे तेराशेच्या आसपास प्रकार होतात. 'मा' एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिव्या देणं. लिहायची चिन्हं मात्र हजारो. म्हणजे एकेका आवाजाच्या वाट्याला पाच-दहा, कधी त्याहून अधिक चिन्हं येतात. चाओ युआनरेन या चिनी भाषाशास्त्रज्ञानं सिंह खाणाऱ्या एका कवीची गोष्ट ९०हून अधिक चिन्हांत लिहिली. वाचायला ती व्याकरणशुद्ध गोष्ट आहे. मोठ्यानं म्हटली की पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त 'शी, शी, शी, शी'.

अशा भाषेत श्लेष हा अलंकार उरत नाही, तो रोजच्या व्यवहारात मुरतो. नववर्षाला दारावर 'फू' म्हणजे सौभाग्य हे अक्षर उलटं टांगतात, कारण 'उलटं' आणि 'आलं' या दोन्हींचा उच्चार 'दाओ': सौभाग्य उलटलं, म्हणजेच सौभाग्य आलं. सणाच्या पानात मासा हवाच, कारण मासा 'यू' आणि शिल्लकही 'यू'. भेट म्हणून घड्याळ कुणी देत नाही, कारण 'घड्याळ देणं' हे शब्द कानाला 'अंत्यविधीला उभं राहणं' असे लागतात. चार या आकड्याला लोक टाळतात, तो मरणासारखा ऐकू येतो. म्हणजे ज्या संस्कृतीच्या रक्षणासाठी कोट्यांवर बंदी आणली, त्या संस्कृतीचे निम्मे सणवार कोट्यांवरच उभे आहेत.

सरकारला खुपत होती ती अर्थात खोकल्याची बाटली नव्हे. २००९च्या सुमारास चिनी इंटरनेटवर एक प्राणी अवतरला: 'त्साओ नी मा', गवत-चिखल-घोडा. चित्रात तो अल्पाकासारखा दिसे, त्याच्यावर लहान मुलांच्या आवाजात गाणी निघाली. सूर जरा इकडेतिकडे केला की तीच तीन अक्षरं आईवरची सणसणीत शिवी. या गोंडस प्राण्याचा वैरी म्हणजे नदीतला खेकडा, 'हे श्ये'. त्या वेळचे अध्यक्ष हू चिंताओ यांचं घोषवाक्य होतं सुसंवादी समाज, आणि सुसंवादाला शब्द 'हे श्ये'. सरकारनं एखादा मजकूर काढून टाकला की लोक म्हणायचे, त्याला 'सुसंवादी' केलं. मग तोही शब्द पकडला जाऊ लागला तेव्हा म्हणू लागले, त्याला खेकडा केलं. नोव्हेंबर २०१०मध्ये चित्रकार आय वेइवेइ यांचा शांघायमधला स्टुडिओ पाडायचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी तिथे शेकडो लोकांना नदीतल्या खेकड्यांची मेजवानी दिली. स्वतः ते बीजिंगमध्ये नजरकैदेत होते. कुठल्याही घोषणेपेक्षा पानात काय वाढलंय तेच बोलकं होतं.

पुढे २०१८मध्ये बायकांनी लैंगिक छळाविरुद्ध बोलायला सुरुवात केली, 'मी टू' हा त्यासाठीचा इंग्रजी शब्द दाबला गेला, तेव्हा तांदळाची वाटी आणि ससा अशी दोन चित्रं फिरू लागली. तांदूळ 'मी', ससा 'तू'. (मराठी कानाला यातून आणखी तिसरंच ऐकू येतं, पण तो चिनी बायकांचा दोष नाही.) ४ जून १९८९च्या तिआनमेन हत्याकांडाचा उल्लेख चालत नाही म्हणून लोकांनी मे महिन्याला ३५वी तारीख दिली. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेटवर देखरेख करणारं खातं आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून पुन्हा एक मोहीम काढली: इंटरनेटवरची भाषा 'नियमित' करायची, समान उच्चारांचे खेळ आणि आडवळणाचे शब्द आवरायचे.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटतं ते २०१४च्या फर्मानाच्या एका साध्या अडचणीचं. कोटीवर बंदी घालायची तर ती आधी कळावी लागते. आणि कळली, हे सही-शिक्क्यानिशी कबूल करावं लागतं. शिवी पकडायला फक्त कान लागतो. कोटी पकडणाऱ्याला मात्र त्या क्षणापुरतं का होईना, कोटी करणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. त्यासाठी वाट कलकत्त्यावरून जाते. १८७५-७६च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात होता. जगदानंद मुखर्जी नावाच्या बड्या वकिलानं त्याला आपल्या घरात, थेट अंतःपुरात नेलं आणि घरच्या बायकांकडून त्याचं स्वागत करवलं. शहर खवळलं. ग्रेट नॅशनल थिएटरनं लगेच प्रहसन काढलं, 'गजदानंद ओ युवराज'. जगदानंदचा गजदानंद: दोन अक्षरांनी जागा बदलल्या आणि वकिलाचा हत्ती झाला. पोलिसांनी प्रयोग थांबवला. मंडळींनी तो नाव बदलून 'हनुमान चरित्र' म्हणून लावला. तोही थांबवला. पोलीस आयुक्ताचं नाव होतं स्टुअर्ट हॉग आणि एका अधीक्षकाचं लॅम्ब. इंग्रजीत हॉग म्हणजे डुक्कर, लॅम्ब म्हणजे कोकरू. तिसरं प्रहसन आलं ते डुकराच्या आणि मेंढीच्या पोलिसांवर. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी, १८७६ साली, नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. नावांवरच्या अशा कोट्यांतून निघालेला हा कायदा पुढे शंभराहून अधिक वर्षं आपल्या डोक्यावर होता. २०१८ साली तो रद्द झाला.

या कायद्याचा सर्वांत गाजलेला मराठी बळी सांगलीचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत १८७२ साली जन्मले, टिळकांच्या 'केसरी'त काम केलं, आणि १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीनं त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. कथा विराटपर्वातली, गावोगावच्या कथेकऱ्यांनी घोटून ठेवलेली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी चाकरी करताहेत. राणीचा भाऊ, सेनापती कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर हात टाकतो. धर्मराज धीर धरायला सांगतो, भीम कीचकाला मारतो. बस्स. नाटकात ना इंग्रज आहे, ना व्हाइसरॉय, ना बंगालची फाळणी.

प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला मात्र ठाऊक होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. खाडिलकरांची चतुराई अशी की त्यांना वरून काही चिकटवावंच लागलं नाही. अज्ञातवासाची गोष्ट मुळातच दोन नावांनी चालते. कंक म्हणून जो फासे टाकतो तो धर्मराज, बल्लव म्हणून जो स्वयंपाकघरात राबतो तो भीम, बृहन्नडा म्हणून जी नाच शिकवते तो अर्जुन. प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासूनच प्रत्येक पात्राला दोन नावं लावून बघत असतो. त्यात तिसरं नाव जोडायला कितीसा वेळ लागणार? आणि आमच्या जिल्ह्यात तर हे अधिकच सोपं, कारण वाईला लोक पिढ्यानपिढ्या विराटनगरी म्हणतात. कीचक आमच्या शेजारच्या तालुक्यातला.

तीन वर्षं नाटक दख्खनभर तुडुंब चाललं. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल तेव्हा हिंदुस्थानातल्या असंतोषावर लेखमाला लिहीत होते. १९१०च्या त्यांच्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात कीचकवधावर सविस्तर मजकूर आहे: कोणतं पात्र कोण, कर्झनचं नाव न घेता तो प्रेक्षकांना कसा दिसतो, बायकापुरुषांच्या चेहऱ्यांवर काय उमटतं. (याच पुस्तकातल्या टिळकांविषयीच्या मजकुरावरून टिळकांनी पुढे लंडनला चिरोलवर खटला भरला आणि तो हरले.) जानेवारी १९१०मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली.

आता त्या बंदीच्या फायलीवर सही करणाऱ्या साहेबाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. महाभारतातल्या एका बाईची अब्रू आणि एका लंपटाचा खून यावर आक्षेप घ्यायचा तर कारण लिहावं लागणार. कारण एकच संभवतं: कीचक हा कर्झन आहे. खाडिलकरांनी हे कुठेही लिहिलं नव्हतं. नटांपैकी कुणी ते उच्चारलं नव्हतं. आपला माजी व्हाइसरॉय आणि परस्त्रीवर हात टाकणारा कीचक एकमेकांसारखे दिसतात, ही गोष्ट पहिल्यांदा अधिकृतपणे मांडली ती सरकारनं.

सरकारलाही ही अडचण जाणवली असणार. कारण कीचकवधानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९१०मध्ये, हिंदुस्थानचा नवा वृत्तपत्र कायदा आला, आणि त्याचं चौथं कलम मला जगातल्या कायदेवाङ्मयातलं एक आश्चर्य वाटतं. कोणता मजकूर गुन्हा ठरेल? जो सरळ किंवा आडून, अनुमानानं, सुचवणुकीनं, उल्लेखानं, रूपकानं, गर्भितार्थानं किंवा आणखी कशानंही सरकारविषयी द्वेष उत्पन्न करू शकेल तो. रूपकानं! अभिधा, लक्षणा आणि व्यंजना असे शब्दाच्या शक्तीचे तीन प्रकार आपले काव्यशास्त्री हजार वर्षं घोटत आले. आनंदवर्धनानं ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं. कलकत्त्याच्या सेक्रेटरिएटमध्ये कुणी 'ध्वन्यालोक' चाळला नसेल, पण शब्दाचा खरा अर्थ शब्दाबाहेर असतो हे त्यांनी दंडाच्या धाकानं का होईना मान्य केलं. हा कायदा १९२२पर्यंत राहिला. 'अलंकार वापरल्यास अनामत जप्त' असं वाचून मोरोपंतांनी काय केलं असतं कुणास ठाऊक.

कायदा झाला तरी हा दुसरा अर्थ ऐकायचा कुणी? साहेबाला मराठी येई ती हुकूम देण्यापुरती. म्हणून मुंबई सरकारच्या पदरी 'ओरिएंटल ट्रान्सलेटर' नावाचा अधिकारी असे. त्याच्या कचेरीत देशी भाषांतली वृत्तपत्रं वाचली जात आणि दर आठवड्याला त्यांचा इंग्रजी गोषवारा वरिष्ठांकडे जाई. हे काम करणाऱ्या कारकुनांचा विचार मनात आला की मला त्यांची कीव येते. सकाळी पेपर उघडायचा, एखाद्या ओळीला मनातून दाद द्यायची, ओठ आवळायचे, आणि मग साहेबाला इंग्रजीत समजावून सांगायचं की यात हसण्यासारखं काय होतं. समजावून सांगितलेला विनोद मरतो, हे त्यांच्याइतकं नेमानं कुणी अनुभवलं नसेल. १८९७च्या टिळकांच्या खटल्यात प्रश्न होता तो शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या, 'भवानी तलवार' या सहीनं आलेल्या कवितेचा आणि शिवजयंतीच्या भाषणांचा. शिवाजी म्हणजे शिवाजीच की आणखी कुणी, यावर नऊ जणांची ज्युरी बसली. सहा युरोपियन ज्युरर म्हणाले दोषी, तिघं हिंदी म्हणाले निर्दोष. आणि न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाची फोड करून सांगितली की त्याचा अर्थ 'अफेक्शन'चा, म्हणजे प्रीतीचा, अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाही द्रोह. शब्द मोडून त्यातून सोयीचा अर्थ काढायचा, याला आपल्याकडे सभंग श्लेष म्हणतात. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा या श्लेषावर झाली.

बाबाराव सावरकरांचं प्रकरण याहून कडवट. कवितांच्या एका लहानशा पुस्तकासाठी त्यांना जून १९०९मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता देवदैत्यांच्या आणि शिवाजी महाराजांच्या. उच्च न्यायालयात निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते, त्यांना ओरिएंटल ट्रान्सलेटरची गरज नव्हती. पुराणकथा हा केवळ बुरखा आहे, असं त्यांनी ठरवलं. बुरख्याआड काय आहे ते घरच्या माणसानं सांगितलं, म्हणून शिक्षा कायम राहिली. इथे कोटी थट्टेची राहत नाही.

हे झालं लिहिणाऱ्यांचं, शिकलेल्यांचं. खेड्यातल्या माणसाची कोटी निराळ्या रस्त्यानं येते. तिला लेखक नसतो.

१९४२च्या चळवळीतून १९४३ साली सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग मिळून. १९४९मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि १९६०पासून दक्षिण साताऱ्याला सांगली म्हणू लागले. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना, ७ जून १९४३ला शेणोलीजवळ अडवलेली सरकारी पगाराची रेल्वेगाडी, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. न्यायनिवाडे, सावकारांना चाप, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं असा या सरकारचा कारभार होता. पुस्तकी नाव प्रतिसरकार. पण गावानं ते तसं कधी उच्चारलं नाही. गावात ते 'पत्रीसरकार' झालं.

ज्यानं बैलाला पत्री मारताना पाहिलं नाही त्याला यातली धार समजणार नाही. घोड्याच्या खुराला अखंड नाल बसतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून दोन बारक्या लोखंडी पत्र्या लागतात, प्रत्येक अर्ध्याला एक. बैलाच्या पायात दोर घालून, एका कुशीवर हिसका देऊन त्याला आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात, एकजण मान दाबून बसतो. नालबंद खुराचा वाढलेला भाग तासतो, पत्री ठेवतो आणि बारीक खिळे तिरके ठोकतो, असे की टोक मांसात न जाता खुराच्या कडेतून बाहेर यावं. एक खिळा चुकला की जनावर आठवडाभर लंगडतं. प्रतिसरकार इंग्रजांच्या खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायांवर फटके देई, असे की माणूस काही दिवस नीट चालू नये. त्याला पत्री मारली, असं लोक म्हणू लागले. हळूहळू खरोखरच पत्र्या ठोकतात अशी वदंता पसरली आणि ती पसरण्यात कुणाचंच नुकसान नव्हतं, खबऱ्यांखेरीज.

आता आवाजाकडे पाहा. 'प्रति'मधला 'र' एका उडीत पुढच्या अक्षरावर गेला आणि 'पत्री' झाली. जगदानंदचा गजदानंद झाला तो नाटककाराच्या लेखणीनं. इथे तेच काम हजारो जिभांनी केलं, कुणी कुणाला न विचारता. भाषाशास्त्रात याला वर्णविपर्यय म्हणतात आणि तो एरवी आपोआप घडतो, 'चाकू'चा कुणी 'काचू' करतं तसा. इथे मात्र जीभ घसरली ती नेमकी अर्थ सापडेल अशा ठिकाणी. संस्कृत उपसर्गाचं जड नाव टाकून लोकांनी बैलाच्या खुरातलं नाव घेतलं. आणि या शब्दावरून खटला कुणावर भरणार? संपूर्ण जिल्ह्यावर?

यात्रेच्या फडावर हीच कला पोटापाण्याची असते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे जत्रा लागल्या की तमाशात गण, गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणीत सोंगाड्या आणि सरदार यांच्यात जे चालतं ते कागदावर नसतं, निदान पुरतं नसतं. नमुना म्हणून मी स्वतः जुळवलेला एक तुकडा देतो, बाज तोच आहे.

'अरं, सरकारनं आपल्यावर कर लावलाय.'

'लावला तर लावला. उजवा लावला का डावा?'

'अरं कर म्हंजी पट्टी, पट्टी!'

'पट्टी? मंग मोडलंय कुणाचं?'

'मोडलं न्हाई कुणाचं.'

'भर तर खरं. मंग मोडतंय.'

कर, पट्टी, मोडणं: तिन्ही शब्द ग्रामपंचायतीच्या पावतीवर शोभतील इतके सोवळे आहेत. परीक्षण मंडळासमोर हा कागद ठेवला तर लाल पेन्सिल कुठे टेकवायची? आणि सोंगाड्यानं 'मोडतंय' म्हणताना कमरेवर हात ठेवला की मान हलवली, ते कागदावर येत नाही.

स्वातंत्र्य आल्यावर हा पेच सुटेल असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आली. मग सुधारणेसाठी समिती, मग संहिता आधी तपासून घेण्याची अट. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे तेव्हा अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक चालवत होते. त्यांच्या तमाशांवरही बंदी पडली. अण्णाभाऊंनी तमाशा हा शब्द बाजूला ठेवला आणि त्याला लोकनाट्य म्हटलं. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सोंगाड्या तोच. गंमत अशी की बंदीवर मात करायला वापरलेला हा शब्द इतका रुजला की पुढे प्राध्यापक मंडळींनी त्यावर प्रबंध लिहिले आणि सरकारनं त्या नावानं महोत्सव भरवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची मैनेवरची छक्कड मुंबईभर घुमली. गावी राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख एकाच मैनेत बसले. त्याच लढ्यात आचार्य अत्र्यांनी स. का. पाटील यांच्या नावाला मागून एक 'ना' लावला आणि नासका पाटील केलं. खरं तर पुढून लावला, पण झोंबला तो मागून.

आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला तेव्हा मुंबईत एक छोटीशी कोटी साऱ्या यंत्रणेच्या डोळ्यांदेखत निसटली. २८ जून १९७५च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनवार्तांच्या रकान्यात डी. ई. एम. ओक्रसी नावाच्या कुणा गृहस्थाच्या मृत्यूची बातमी आली. पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, आणि मागे आशा, श्रद्धा, न्याय अशी भावंडं. भराभर वाचलं तर वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाची वाटते. अक्षरं जोडून वाचली तर इंग्रजीत लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य. ती अशोक महादेवन या पत्रकारानं दिली होती. मरणाच्या बातम्या तपासायच्या असतात हे सेन्सॉरला सुचलं नव्हतं.

चिनी सरकारजवळ आता कारकुनांच्या जोडीला यंत्रं आहेत. नको असलेल्या शब्दांच्या याद्या त्यांत भरलेल्या असतात आणि रोज वाढत असतात. अमेरिकेत बर्कली इथून चालणारा 'चायना डिजिटल टाइम्स' असे शब्द टिपून ठेवतो, त्यांनी गवत-चिखल-घोड्याच्या नावानं एक कोशच केला आहे. त्यातले बरेच शब्द कोशात पोचेपर्यंत रस्त्यावरून गेलेले असतात, कारण कोटीचं आयुष्य तिच्या काळाएवढंच असतं.

हे कीचकवधाकडे पाहिलं की नीट कळतं. आज ते नाटक हातात घेऊन कुणी प्रथमच वाचायला बसला, त्याला पांडव दिसतील, सैरंध्री दिसेल, दीर्घ स्वगतं दिसतील. कर्झन दिसणार नाही. ज्या प्रेक्षकांना तो रंगमंचावर डोळ्यांसमोर दिसत होता त्यांतलं कुणी उरलं नाही, आणि त्यांनी ते कुठे लिहून ठेवण्याची तसदी घेतली नव्हती, कारण सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही. कोणतं पात्र कोण, कुठल्या प्रवेशात प्रेक्षागृह का सुन्न होई, हे आज वाचायचं असेल तर सर्वांत सविस्तर सापडतं ते नाटकाच्या शत्रूनं लिहिलेल्या पुस्तकात, चिरोलच्या.